आज्ञा आणि विवेक : ग्राफ फॉन बाउडिसिन ह्यांची लष्करी कारकीर्द

१. विषयाचे स्वरूप

शिपाई हा हुकुमाचा ताबेदार, असे मराठीत सहज म्हटले जाते. ह्या वाक्यात वर्णन आहे आणि समर्थनही आहे. वर्णन म्हणून ते कोणत्याही सैन्याला लागू पडेल. हुकूम पाळला जात नसेल तर सैन्य आणि जमाव ह्यांत फरक उरत नाही. समर्थन म्हणून मात्र ते वाक्य फार थोड्या अंतरापर्यंत पुरते. न्यूरेंबर्ग येथे १९४५-४६ मध्ये जर्मन युद्धगुन्हेगारांची चौकशी झाली. ज्या सनदेनुसार ती झाली तिच्या आठव्या कलमाने वरिष्ठांची आज्ञा ही सबब आरोपीला जबाबदारीतून मुक्त करणार नाही, फार तर शिक्षेच्या सौम्यतेसाठी तिचा विचार होईल, असे ठरविले होते. हुकुमाची ताबेदारी कोठे संपते, हा प्रश्न त्या दिवसापासून केवळ नीतिशास्त्राचा राहिला नाही. तो कायद्याचा आणि लष्करी शिक्षणाचाही झाला.

हा प्रश्न पश्चिम जर्मनीला इतर कोणत्याही देशापेक्षा अधिक तीव्रतेने सोडवावा लागला. १९४५ मध्ये ज्याचे सैन्य सर्वस्वी बरखास्त झाले, त्या देशाला दहा वर्षांच्या आतच पुन्हा सैन्य उभे करण्याची वेळ आली. त्या सैन्याची नैतिक आणि वैधानिक घडण ठरविण्यात ज्या अधिकाऱ्याचा वाटा सर्वांत मोठा होता, त्या वोल्फ ग्राफ फॉन बाउडिसिन ह्यांच्या कारकीर्दीचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. ह्या कारकीर्दीत मोठ्या लढाया नाहीत. एका अधिकाऱ्याने आपल्या व्यवसायातील काही शब्दांचा अर्थ बदलण्याचा प्रयत्न केला आणि त्या अर्थांना कायद्याचा आधार मिळाला, हे तिचे वैशिष्ट्य होय. म्हणून चरित्राच्या जोडीने त्या शब्दांचाही विचार करणे आवश्यक ठरते.

२. घराणे, पलटण आणि शपथ

बाउडिसिन ह्यांचा जन्म ८ मे १९०७ रोजी ट्रीअर येथे झाला. त्यांच्या नावातील ‘ग्राफ’ ही मूळची सरदारी पदवी होय. १९१९ च्या वायमार संविधानाने सरदारवर्गाचे विशेषाधिकार रद्द केले, तेव्हापासून अशा पदव्या आडनावाचा भाग म्हणून उरल्या. शेक्सपिअरची नाटके जर्मन भाषेत आणण्याचे जे मोठे कार्य श्लेगेल आणि टीक ह्यांच्या नावांनी ओळखले जाते, त्यात ज्याचा भरीव वाटा होता तो वोल्फ हाइनरिख फॉन बाउडिसिन (१७८९-१८७८) हा ह्याच घराण्यातला. वडील प्रशियाच्या मुलकी सेवेत वरिष्ठ पदावर होते. मुलाने प्रथम बर्लिन येथे कायद्याचा अभ्यास सुरू केला, परंतु १९२६ मध्ये तो सोडून पोट्सडाम येथील नवव्या पायदळ पलटणीत तो दाखल झाला. पुढल्याच वर्षी त्याने सैन्य सोडले, शेतीचे शिक्षण घेतले आणि १९३० मध्ये पुन्हा त्याच पलटणीत प्रवेश केला.

त्या काळचे जर्मन सैन्य व्हर्सायच्या तहाने बांधलेले होते. त्याची मर्यादा एक लाख माणसांची असून त्यांत अधिकारी चार हजारांहून अधिक असू नयेत असे बंधन होते. हे सैन्य ‘राजकारणापासून अलिप्त’ असल्याचा मोठा अभिमान बाळगीत असे. १९२१ च्या लष्करी कायद्याने सैनिकाचा मताधिकार स्थगित केला होता. ह्या अलिप्ततेला एक दुसरी बाजू होती. ज्याला प्रजासत्ताकाच्या कारभारात मत नाही, त्याला त्या प्रजासत्ताकाविषयी आपुलकी वाटण्याचे कारणही उरत नाही. सैन्य स्वतःला राष्ट्राचे रक्षक मानीत होते. परंतु ते राष्ट्र आणि प्रत्यक्ष चालू असलेली लोकशाही राज्यव्यवस्था ह्या दोन वस्तू त्याच्या मनात वेगळ्या होत्या.

हा वेगळेपणा किती महाग पडणार होता हे २ ऑगस्ट १९३४ रोजी दिसून आले. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग ह्यांचे त्या दिवशी निधन झाले आणि त्याच दिवशी सैन्याकडून नवी शपथ घेववण्यात आली. वायमार काळातील सैनिक संविधानाशी निष्ठेची शपथ घेत असे. नव्या शपथेत संविधान नव्हते, कायदाही नव्हता. आडोल्फ हिटलर ह्या एका नामोल्लेख केलेल्या व्यक्तीशी बिनशर्त आज्ञाधारकतेचे वचन होते. पुढे अनेक अधिकाऱ्यांनी गुन्हेगारी स्वरूपाच्या आज्ञा दिसत असूनही आपण ह्या शपथेने बांधलेलो होतो, असे सांगितले. निष्ठा ही विषयाकडे न पाहता केवळ पाळण्याची वस्तू आहे, असे मानल्याचा हा परिणाम होता.

नववी पलटण मात्र दुसऱ्या एका कारणाने इतिहासात राहिली. जुन्या प्रशियन सरदार घराण्यांतील तरुणांचा तिच्यात भरणा असल्यामुळे तिला गमतीने ‘ग्राफ नऊ’ असे म्हटले जाई. हिटलरविरोधी कटातील जितके अधिकारी ह्या एका पलटणीशी संबंधित होते, तितके दुसऱ्या कोणत्याही पलटणीशी नव्हते. हेनिंग फॉन ट्रेस्को, फ्रिट्स-डीटलोफ फॉन डेअर शूलेनबुर्ग, आक्सेल फॉन डेम बुश ही त्यांतील काही नावे होत. ट्रेस्को हे बाउडिसिन ह्यांना पलटणीतील ज्येष्ठ स्नेही होते. २० जुलै १९४४ चा कट फसल्यावर दुसऱ्याच दिवशी ट्रेस्को ह्यांनी आघाडीवर आत्महत्या केली. शूलेनबुर्ग ह्यांना ऑगस्टमध्ये फाशी देण्यात आली. एकाच भोजनगृहात वाढलेल्या आणि एकच शपथ घेतलेल्या माणसांपैकी कोणी ती शपथ मोडली आणि कोणी शेवटपर्यंत पाळली. ह्या वस्तुस्थितीचा अर्थ लावणे हे बाउडिसिन ह्यांच्या पुढील आयुष्याचे काम झाले.

३. युद्ध आणि बंदिवास

त्यांचे स्वतःचे युद्ध अल्पकाळच चालले. जनरल स्टाफचे शिक्षण घेऊन ते १९४१ च्या आरंभी रोमेल ह्यांच्या आफ्रिकेतील सैन्याच्या मुख्यालयात शत्रुपक्षाची माहिती मिळविण्याच्या शाखेचे अधिकारी म्हणून गेले. रोमेल त्रिपोली येथे १२ फेब्रुवारी १९४१ रोजी उतरले होते. त्यानंतर दोन महिने होण्यापूर्वीच, एप्रिलमध्ये, टोब्रुकच्या परिसरात बाउडिसिन ब्रिटिश पक्षाच्या हाती सापडले. उरलेले सर्व युद्ध आणि त्यानंतरची दोन वर्षे त्यांनी ऑस्ट्रेलियातील बंदिवासात काढली. १९४७ मध्ये सुटका होऊन ते परतले, तेव्हा त्यांचा हुद्दा मेजरचा होता.

ह्या सहा वर्षांकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. रशियावरील आक्रमण जून १९४१ मध्ये सुरू झाले. ज्या मोहिमेत जर्मन सैन्य सामूहिक हत्याकांडांत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष गुंतले, त्या मोहिमेच्या वेळी बाउडिसिन हजारो मैल दूर तारेच्या कुंपणाआड होते. त्यांचे हात स्वच्छ राहिले ह्यात त्यांच्या निश्चयाइतकाच दैवाचाही भाग होता. पुढे त्यांच्या विरोधकांनी हीच गोष्ट उलट बाजूने मांडली. ज्याने आघाडीवर दोनच महिने काढले त्याने लढणाऱ्या सैनिकाला काय शिकवावे, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न अगदीच निराधार नव्हता. परंतु पराभवाचा आणि अपराधाचा विचार करण्यास लागणारे अंतर त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांना मिळाले नाही, ते त्यांना बंदिवासात मिळाले, हेही तितकेच खरे. ह्या काळात त्यांनी आपल्या वाग्दत्त वधूशी, डाग्मार बुर्गग्रेफिन त्सू डोना ह्या शिल्पकर्त्रीशी, केलेला पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. १९४७ मध्येच त्यांचा विवाह झाला. परतल्यावर बाउडिसिन ह्यांनी काही काळ कुंभारकामात आणि प्रॉटेस्टंट चर्चच्या सामाजिक कार्यात घालविला.

४. हिमेरोड येथील मसुदा

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि पश्चिम जर्मनीने संरक्षणाचा भार उचलावा ही मागणी जोर धरू लागली. दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातील जर्मनीत लष्करी संघटनेस बंदी असल्यामुळे पहिली चर्चा गुप्तपणे करावी लागली. ५ ते ९ ऑक्टोबर १९५० ह्या दिवसांत आयफेल प्रदेशातील हिमेरोड ह्या ख्रिस्ती मठात पंधरा माजी अधिकारी एकत्र जमले. त्यांत जनरल आणि ॲडमिरल होते. बाउडिसिन त्यांच्या मानाने कनिष्ठ होते. तेथे तयार झालेल्या मसुद्यात भावी सैन्याच्या आंतरिक घडणीसंबंधी एक प्रकरण आहे. जुन्या सैन्याच्या रूपांचे अनुकरण न करता मुळापासून नवे काही निर्माण करावे लागेल, असा आशय त्यात आला आहे, आणि तो मुख्यतः बाउडिसिन ह्यांच्या आग्रहाचे फळ मानला जातो.

तथापि तोच मसुदा संपूर्ण वाचला असता दुसरा सूरही ऐकू येतो. जर्मन सैनिकाची बदनामी थांबवावी, आणि आज्ञेनुसार वागलेल्या म्हणून युद्धगुन्हेगार ठरविलेल्या जर्मनांची सुटका करावी, अशा मागण्या त्यात आहेत. एकाच लेखात एक प्रकरण जुन्या सैन्यापासून फारकत मागते, तर दुसरे त्याच सैन्याच्या अब्रूची भरपाई मागते. नवे सैन्य ह्या दोन विसंगत इच्छांमधून जन्मास आले, आणि पुढील वीस वर्षांचे वाद ह्याच विसंगतीतून निघाले.

ऑक्टोबर १९५० च्या अखेरीस संघराज्याच्या शासनाने तेओडोर ब्लांक ह्या कामगार चळवळीतून आलेल्या राजकारणी गृहस्थाकडे ह्या विषयाचे कार्यालय सोपविले. मे १९५१ मध्ये बाउडिसिन तेथे दाखल झाले. तेथील चार वर्षांचा काळ त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत निर्मितिक्षम काळ होय. ऑगस्ट १९५४ मध्ये फ्रेंच विधानसभेने युरोपीय संरक्षण संघाची योजना फेटाळली. मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी अटलांटिक करारसंघटनेचा सदस्य झाला. १२ नोव्हेंबर १९५५ रोजी बॉन येथे पहिल्या १०१ स्वयंसेवकांना नेमणुकीच्या सनदा देण्यात आल्या. हा दिवस हेतुपूर्वक निवडलेला होता. प्रशियन सैन्याचा सुधारक शार्नहोर्स्ट ह्याच्या जन्मास त्या दिवशी दोनशे वर्षे पूर्ण होत होती. १८०६ मधील येनाच्या पराभवानंतर सैन्य आणि प्रजा ह्यांचे नाते नव्याने जुळविण्याचा प्रयत्न ज्याने केला, त्याला पूर्वज म्हणून निवडण्यात नव्या सैन्याने आपला उद्देश सांगितला होता.

५. तीन शब्द

बाउडिसिन ह्यांच्या कार्याचे मर्म तीन जर्मन शब्दांच्या आधारे स्पष्ट करता येते.

पहिला शब्द ‘गेहोरझाम’, म्हणजे आज्ञापालन. ह्याचा धातू ‘ह्योरेन’, ऐकणे, हा होय. ऐकण्यातून पाळण्याचा अर्थ निघणे ही गोष्ट मराठी वाचकाला मुळीच अपरिचित नाही. ‘मूल ऐकत नाही’ असे म्हणताना त्याच्या कानांत दोष आहे असे कोणी समजत नाही. संस्कृतातील ‘शुश्रूषा’ हा शब्दही मूळ ‘ऐकण्याची इच्छा’ ह्या अर्थाचा असून सेवा हा त्याचा पुढचा अर्थ आहे. ह्या सर्व शब्दांत एक गृहीत दडलेले आहे : ऐकणारा जिवंत आहे, आणि ऐकण्याच्या व करण्याच्या दरम्यान त्याला समजण्याची एक क्रिया घडते. ह्याच्या उलट टोकाचे आज्ञापालन सांगण्यासाठी जर्मन भाषेत ‘काडाव्हरगेहोरझाम’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ प्रेताचे आज्ञापालन. प्रेत हलविले तसे हलते, परंतु ऐकत नाही. बाउडिसिन ह्यांचे सर्व प्रतिपादन एका अर्थी ह्या शब्दाला त्याच्या धातूकडे परत नेण्याचे होते.

दुसरा शब्द ‘श्टाट्सब्युर्गर’. बाउडिसिन ह्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले ‘गणवेशातील नागरिक’ हे सूत्र ह्या शब्दावर उभे आहे. ‘ब्युर्गर’ म्हणजे मुळात कोटाच्या आतील वस्तीत राहणारा. त्यापासून नगरवासी आणि शेवटी राज्याचा हक्कदार सभासद, असा अर्थविस्तार झाला. नगरापासून नागरिक हा मराठी शब्दाचा प्रवासही तसाच आहे. ह्या सूत्रात गणवेश हे विशेषण आहे आणि नागरिक हे विशेष्य आहे, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जुन्या समजुतीनुसार मनुष्य छावणीत शिरताना आपले नागरिकत्व दाराबाहेर ठेवी आणि सेवेनंतर ते परत घेई. नव्या सूत्रानुसार तो आत जाताना केवळ वेष बदलतो. लोकशाहीच्या रक्षणासाठी ज्याने प्राण द्यावयाचे, त्याला ती लोकशाही स्वतःच्या दैनंदिन जीवनात अनुभवास आली पाहिजे; एरवी तो कशाचे रक्षण करतो हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही, असा हा युक्तिवाद होता.

तिसरा आणि सर्वांत वादग्रस्त शब्दप्रयोग ‘इनेरे फ्यूरुंग’ हा होय. आरंभी ‘इनेरेस गेफ्यूगे’, म्हणजे आंतरिक सांधेजोड अथवा घडण, असा शब्द प्रचारात होता. १९५३ पासून ‘इनेरे फ्यूरुंग’ हा अधिकृत झाला. त्याचे भाषांतर करणे कठीण आहे. ‘आंतरिक नेतृत्व’ हे शब्दशः बरोबर असले तरी अर्थ पोहोचवीत नाही. ‘फ्यूरेन’ हे क्रियापद जाणे ह्या अर्थाच्या जुन्या धातूचे प्रयोजक रूप होय. जसे मराठीत चालणे ह्यापासून चालविणे. ह्याच क्रियापदापासून ‘फ्यूरर’ हा शब्द झाला होता, आणि १९४५ नंतर तो शब्द उच्चारणेही अवघड झाले होते. तेव्हा नव्या सैन्याच्या मूळ तत्त्वासाठी त्याच धातूचा शब्द निवडला जावा, ह्यात काही धाडस निश्चितच होते. येथे ‘इनेरे’ हे विशेषण निर्णायक आहे. माणसाला बाहेरून ओढून नेणे हा एक प्रकार. त्याच्या अंतःकरणाला कारण पटवून त्याने स्वतः निघावे अशी व्यवस्था करणे हा दुसरा.

भारतीय परंपरेत ह्याला जवळचा शब्द शोधावयाचा झाल्यास तो ‘विनय’ हा होय. नेता, नायक, सेनानी आणि आजही सैन्यातील एक हुद्दा असलेला नाईक हे सर्व शब्द ‘नी’ धातूचे. विनय हाही त्याच धातूचा. आज तो नम्रतेच्या अर्थाने रूढ असला, तरी त्याचा जुना अर्थ शिक्षणाने अंगी बाणलेली शिस्त असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे पहिले अधिकरणच ‘विनयाधिकारिक’ ह्या नावाचे असून त्यात राजाच्या शिक्षणाचा आणि इंद्रियजयाचा विचार आहे. तेथे ही शिस्त प्रथम राज्यकर्त्याने स्वतःस लावावयाची आहे. ‘इनेरे फ्यूरुंग’ ह्या संकल्पनेतही प्रथम बंधन वरिष्ठावर पडते, कनिष्ठावर नव्हे. हे साम्य लक्षणीय आहे. दोन्ही कल्पनांमधील राज्यव्यवस्था सर्वस्वी भिन्न असल्याने हे साम्य ह्याहून पुढे ताणणे मात्र योग्य होणार नाही.

६. शब्दापासून कायद्याकडे

केवळ उपदेशाने सैन्य सुधारत नाही, ह्याची जाणीव बॉन येथील सुधारकांना होती. मार्च १९५६ मध्ये संविधानात दुरुस्ती होऊन सैनिकविषयक कायदाही संमत झाला, आणि वरील कल्पनांना वैधानिक रूप मिळाले. त्यातील मुख्य तरतुदी येणेप्रमाणे सांगता येतील.

सैनिकाला इतर नागरिकांचेच हक्क आहेत, आणि लष्करी सेवेच्या गरजेपुरतीच त्यांवर कायद्याने मर्यादा घालता येते. वायमार काळातील सैनिकाप्रमाणे त्याचा मताधिकार हिरावला जात नाही; तो निवडणुकीला उभाही राहू शकतो. कायद्याचे अकरावे कलम आज्ञापालनासंबंधी आहे. सैनिकाने वरिष्ठांची आज्ञा यथाशक्ति पूर्णपणे, कसोशीने आणि विनाविलंब पाळली पाहिजे, असे सांगून ते तेथेच थांबत नाही. जी आज्ञा मानवी प्रतिष्ठेचा भंग करते किंवा जी सेवेच्या प्रयोजनासाठी दिलेली नाही, ती न पाळणे हा आज्ञाभंग होत नाही. जी पाळल्याने गुन्हा घडेल, ती तर पाळताच कामा नये. पहिल्या प्रकारात सैनिकाला न पाळण्याची मुभा आहे. दुसऱ्या प्रकारात न पाळण्याचे कर्तव्य आहे. हा भेद बारीक असला तरी त्यात सबंध अनुभवाचे सार आले आहे.

शपथेचेही रूप पालटले. व्यावसायिक सैनिक शपथ घेतो, तर सक्तीच्या भरतीतून आलेला सैनिक गंभीर वचन देतो. परंतु दोहोंचा विषय संघराज्याची एकनिष्ठ सेवा आणि जर्मन जनतेच्या न्यायाचे व स्वातंत्र्याचे शूरपणे रक्षण हा आहे. कोणत्याही व्यक्तीचे नाव त्यात नाही. सर्वोच्च आज्ञाधिकार शांततेच्या काळात संरक्षणमंत्र्याकडे, म्हणजे संसदेला जबाबदार असलेल्या मुलकी व्यक्तीकडे देण्यात आला. ह्याशिवाय संसदेचा एक स्वतंत्र लष्करी प्रतिनिधी नेमण्याची तरतूद झाली. कोणत्याही सैनिकाला वरिष्ठांच्या मार्फत न जाता थेट त्याच्याकडे गाऱ्हाणे नेता येते. ह्या पदावर पहिली नेमणूक १९५९ मध्ये हेल्मूट फॉन ग्रोल्मान ह्यांची झाली. तसेच कर्नल व त्याहून वरच्या हुद्द्यासाठी अर्ज करणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यांची पारख करण्यासाठी १९५५ मध्ये ३८ सदस्यांचे एक स्वतंत्र मंडळ कायद्याने स्थापन झाले. जुन्या अधिकाऱ्यांशिवाय नवे सैन्य उभे राहणे शक्य नव्हते. त्यांतून निवड करणे एवढेच शक्य होते.

७. विरोध आणि कसोटी

सैन्याच्या आत ह्या कल्पनांचे स्वागत मर्यादितच झाले. ‘इनेरेस गेफ्यूगे’ ह्या शब्दावर कोटी करून कोणी त्याला ‘इनेरेस गेव्युर्गे’ म्हणू लागले. ‘गेफ्यूगे’ म्हणजे घडण, आणि ‘गेव्युर्गे’ म्हणजे घशाशी येऊन गुदमरणे. कोटी वरवरची असली तरी तिच्यामागील आक्षेप खरा होता : संकल्पना नेमकी नाही, ती शिकविता येत नाही, आणि शत्रूपुढे उभ्या राहणाऱ्या तुकडीला चर्चेपेक्षा कणखरपणा अधिक लागतो. शिवाय सैन्य फार वेगाने वाढत होते. जुलै १९५६ मध्ये सक्तीची भरती मंजूर झाली, आणि उद्दिष्ट सुमारे पाच लाखांचे होते. प्रशिक्षक मुख्यतः जुन्या सैन्यातीलच होते. त्यांनी स्वतः जसे शिकले तसेच शिकविले.

ह्याचे परिणाम लवकरच दृष्टीस पडले. ३ जून १९५७ रोजी केम्प्टेनजवळ इलर नदी पायी ओलांडण्याच्या हुकुमात पंधरा तरुण सैनिक बुडून मरण पावले. १९६३ च्या उन्हाळ्यात नागोल्ड येथील छत्रीधारी दलाच्या प्रशिक्षणात एका नव्या सैनिकाचा कूचानंतर मृत्यू झाला, आणि त्या चौकशीत छळाचे अनेक प्रकार उघडकीस आले. १९६४ मध्ये तत्कालीन संसदीय प्रतिनिधी हेल्मूट हाये ह्यांनी, जे स्वतः जुन्या नौदलातील व्हाइस ॲडमिरल होते, एका सचित्र साप्ताहिकातून लेखमाला लिहून सैन्य पुन्हा राज्यातील राज्य होण्याच्या मार्गावर आहे असा इशारा दिला. त्यावर इतके वादळ उठले की त्यांना पद सोडावे लागले. परंतु ह्या घटनांचा एक अर्थ असाही लावता येतो की, गाऱ्हाणे वर पोहोचविण्याची जी वाट १९५६ मध्ये बांधली गेली, ती वापरली जात होती. छळ पूर्वीही होता. तो राष्ट्राच्या संसदेत चर्चिला जाणे हे नवे होते.

सर्वांत उघड हल्ला १९६९ मध्ये झाला. त्या वर्षी भूदलाचे उपप्रमुख जनरल ग्राशाय ह्यांनी एका व्याख्यानात ‘इनेरे फ्यूरुंग’ हा राजकीय गरजेपोटी चढविलेला मुखवटा असून तो आता उतरवावा, अशा आशयाचे उद्गार काढले. त्याच वर्षी भूदलप्रमुख श्नेट्स ह्यांच्या नावाने ओळखले जाणारे टिपण बाहेर फुटले. त्यात सैन्याबरोबर समाजाचीही सुधारणा करावी अशी मागणी होती. सैन्याने समाजाला अनुरूप व्हावे की समाजाने सैन्याला, हा प्रश्न अशा रीतीने स्पष्ट शब्दांत पुढे आला. शासनाने उत्तर पहिल्या बाजूने दिले, आणि १९७२ मध्ये ‘इनेरे फ्यूरुंग’ ह्या विषयावर सैन्याचे स्वतंत्र अधिकृत नियमपत्रक निघाले.

८. मुख्यालयापासून विद्यापीठापर्यंत

ह्या वादांच्या काळात बाउडिसिन स्वतः मंत्रालयापासून दूर होते. १९५८ मध्ये त्यांना ग्योटिंगेन येथे ब्रिगेडचे आधिपत्य देण्यात आले. ‘कागदावरचा सुधारक’ ही टीका खोडून काढण्याची ती संधी होती. पण धोरण ठरणाऱ्या दालनातून त्यांना हलविण्याचा तो मार्गही होता. १९६१ पासून त्यांची सर्व पदे अटलांटिक करारसंघटनेत होती : प्रथम फाँतेनब्लो येथील मध्य युरोप मुख्यालयात, १९६३ पासून पॅरिस येथील संघटनेच्या संरक्षण महाविद्यालयाचे प्रमुख म्हणून, आणि १९६५ पासून सर्वोच्च मुख्यालयात नियोजनाचे उपप्रमुख म्हणून. १९६५ मध्येच कील्मान्सएग आणि डी मेझिएर ह्या दोन सहकाऱ्यांसह त्यांना हॅम्बुर्ग येथील फ्रायहेर फॉम श्टाइन पारितोषिक मिळाले. १९६७ च्या अखेरीस ते लेफ्टनंट जनरल ह्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. जर्मन सैन्यातील सर्वोच्च पद त्यांच्याकडे कधीच आले नाही.

त्यानंतर त्यांनी जे केले ते जर्मन जनरलांच्या परंपरेत विरळाच होय. आठवणी लिहिण्याऐवजी ते हॅम्बुर्ग विद्यापीठात शिकवू लागले. १९६८ मध्ये ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे सदस्य झाले. १९७१ मध्ये विद्यापीठाशी संलग्न अशी शांतता-संशोधन व सुरक्षानीती ह्यांची संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक म्हणून त्यांनी १९८४ पर्यंत काम पाहिले. पश्चिम युरोपात नवी मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रे ठेवण्याच्या धोरणाला १९८० नंतरच्या वर्षांत त्यांनी उघड विरोध केला. ह्यामुळे जुन्या सहकाऱ्यांपैकी काहींना ते परके झाले. परंतु त्यांच्या विचारात येथे खंड पडलेला दिसत नाही. अण्वस्त्रांच्या युगात युद्ध हे राजनीतीचे साधन राहिलेले नाही, सैनिकाचे काम युद्ध होऊ न देण्याचे आहे, हे त्यांचे मत मंत्रालयातील काळापासूनचे होते. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखसंग्रहाचे नावच ‘शांततेसाठी सैनिक’ ह्या अर्थाचे आहे. ५ जून १९९३ रोजी हॅम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

९. समारोप

बाउडिसिन ह्यांच्या यशाचे मोजमाप कसे करावे? त्यांनी अपेक्षिलेले सैन्य पूर्णतः कधीच अस्तित्वात आले नाही, आणि २०११ मध्ये सक्तीची भरती स्थगित झाल्यावर ‘गणवेशातील नागरिक’ ह्या सूत्राचा एक आधारही निघाला. कारण सर्व समाजातून आलेल्या तरुणांना उद्देशून ते प्रथम सांगितले गेले होते. संकल्पनेची अस्पष्टता हा आक्षेपही पुरता दूर झालेला नाही. परंतु सैनिकाने आज्ञा ऐकताना विचार करणे हा अपराध नसून त्याच्या कर्तव्याचा भाग आहे, हे तत्त्व जर्मन कायद्यात राहिले. १९३४ ची शपथ आणि १९५६ चे अकरावे कलम ह्यांच्यामध्ये अवघी बावीस वर्षे आहेत. त्या बावीस वर्षांत जे घडले ते पाहिल्यावर आज्ञेचे बंधन सैल केल्याने सैन्य दुबळे होते की सबळ, ह्याचे उत्तर केवळ रणांगणावर शोधता येत नाही.

ट्रेस्को आणि शूलेनबुर्ग ह्यांना आज्ञा मोडण्यासाठी शपथ मोडावी लागली, आणि त्यासाठी प्राण द्यावे लागले. त्यांच्याच पलटणीतील एका अधिकाऱ्याने पुढे असा कायदा घडविण्यास हातभार लावला की, ज्याखाली तसा नकार देणारा सैनिक शपथभंग करीत नाही, तर शपथ पाळतो. हुकुमाचा ताबेदार ह्या शब्दप्रयोगातील ताबा नेमका कोणाचा, ह्या प्रश्नाला त्या सैन्याने दिलेले हे उत्तर होय.